ठासणीची बंदूक आणि शिक्षेची पाच वर्षे

सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि तळकोकणात ज्या ज्ञातिबांधवांची वस्ती आहे, त्यांच्या माजघरात एके काळी देव्हाऱ्यापासून फार दूर नसलेल्या एखाद्या खुंटीवर ठासणीची बंदूक टांगलेली असे. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत तिला झेंडूची माळ आणि आपट्याचे पान मिळे. एरवी ती भातशेती पोटरीस आली म्हणजे रानडुकरांसाठी आणि नारळीपोफळीला फळ धरले म्हणजे वानरांसाठी खाली उतरे. गेल्या दोन-तीन पिढ्यांत या बंदुका घराघरांतून नाहीशा झाल्या. त्यांपैकी काही गंजून गेल्या, काही वारसांनी परत केल्या. पण पुष्कळशा मालकाला न्यायालयात झालेल्या एखाद्या शिक्षेपायी गेल्या, आणि त्या का गेल्या हे त्या घरांना पुरते समजलेही नाही. या विषयाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम वस्तूची ओळख. पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक या मिश्रणाची काळी दारू नळीच्या तोंडातून ओतावयाची, त्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासावयाचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी नळीच्या मुळाशी तांब्याची केप बसवावयाची. एवढ्या खटाटोपाने एक बार निघतो. बाराबरोबर धुराचा लोट उठतो आणि समोरचे जनावर पडले की पळाले हे धूर विरेपर्यंत कळत नाही. दुसरा बार भरीपर्यंत डुकरांचा कळप शेजारच्या वाडीत पोहोचलेला असतो. अशा या संथ हत्याराला ‘बंदूक’ म्हणावे किंवा नाही असा प्रश्न एखाद्यास पडला तर नवल नाही. कायद्याला मात्र तो कधीच पडला नाही. स्फोटक द्रव्याच्या बळाने गोळी वा छर्रे फेकणारे ते अग्निशस्त्र, अशी त्याची व्याख्या आहे, आणि तीत ठासणीची बंदूक काडतुसाच्या बंदुकीइतकीच बसते.

कंपनी सरकारच्या प्रारंभीच्या अमदानीत खेड्यातील माणसाच्या हातची बंदूक हा सरकारच्या फारशा चिंतेचा विषय नव्हता. १८५७ च्या उठावाने हे चित्र पालटले. त्याच वर्षी शस्त्रे बाळगण्यावर नियंत्रण घालणारा अठ्ठाविसावा कायदा झाला आणि लोकांनी आपली हत्यारे नोंदवावीत असा हुकूम दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांतूनही फिरला. मुधोळ संस्थानातील हलगली या गावच्या बेरडांनी तो मानला नाही. हत्यार हीच ज्यांची वृत्ती, त्यांस हत्यार कचेरीत नेऊन देणे म्हणजे आपली ओळख नेऊन देण्यासारखे होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने त्या गावावर चाल केली, घरांस आगी लावल्या, पुष्कळ माणसे मारली, आणि पकडलेल्यांपैकी कित्येकांना मुधोळ व हलगली येथे फाशी दिले. या बेरडांचे पवाडे कानडी मुलखात पुढे पिढ्यान्‌पिढ्या गाइले गेले. आपल्याकडे मात्र हा प्रसंग क्वचितच कोणी सांगतो, ही खेदाची गोष्ट होय.

हलगलीच्या लोकांचा अपराध कोणता, हे नीट ध्यानात घ्यावे. त्यांनी कोणाचे घर फोडले म्हणून त्यांची हत्यारे मागितली गेली नव्हती. हत्यारे दिली नाहीत म्हणून ते अपराधी ठरले. म्हणजे निःशस्त्रीकरण आधी आणि गुन्हा मागाहून, असा तो क्रम होता.

१८६० च्या कायद्यानंतर १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी शस्त्रांचा अकरावा कायदा आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा याच वर्षाचा. परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा यापुढे गुन्हा झाला; युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांस मात्र परवान्याची जरुरी नव्हती. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांना बरोबर घेऊन पुणे जिल्ह्यात बंड केले, तेव्हा सरकारला आपली भीती खरी ठरल्याचे समाधान मिळाले असावे. राष्ट्रसभेने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याच्या दुरुस्तीची मागणी लावून धरली होती. तरीही युरोपियनांची ही वर्णावर आधारलेली सवलत दूर होण्यास पहिले महायुद्ध संपावे लागले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने १८७८ च्या कायद्यातील एक उणीव महत्त्वाची आहे. न्यायालयात शिक्षा झालेल्या माणसाने बंदूक बाळगावी की नाही, आणि बाळगू नये तर किती काळ, याविषयी त्यात स्वतंत्र नियम नव्हता. याच कायद्याविरुद्धचा गुन्हा शाबीत झाल्यास परवाना रद्द करता येई, आणि सार्वजनिक शांततेसाठी तो काढून घेण्याचा अधिकार अंमलदारांना होता. बाकी सारे साहेबाच्या मर्जीवर. निष्कलंक माणसास परवाना नाकारता येई आणि तुरुंग भोगून आलेल्या वजनदार इनामदारास तो देताही येई. प्रश्न ‘याने काय केले’ असा नसून ‘हा कोण’ असा होता.

‘हा कोण’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा जातीवरून दिले जाई. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उत्तर हिंदुस्थानात सुरू झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण पाहिलेली माणसे अलीकडेपर्यंत होती. ज्या जमाती जाहीर झाल्या, त्यांतील मूल जन्मतःच संशयित ठरे. हजेरी त्याच्या वाट्यास, झडती त्याच्या वाट्यास. अशा घरातील माणसाने शेतासाठी बंदुकीचा अर्ज करणे ही कल्पनाच कोणा अंमलदारास सुचली नसती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या.

याच्या अगदी उलट उदाहरण कोडगू, म्हणजे कूर्गचे. तेथील कोडव लोकांना आणि जम्मा जमिनीच्या धारकांना १८६१ पासून शस्त्रपरवान्याची माफी मिळाली. ती स्वातंत्र्यानंतरही टिकली आणि २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढविली. जन्माने बंदूक मिळणे आणि जन्माने बंदूक नाकारली जाणे, या दोन्ही गोष्टी एकाच राज्यकर्त्याच्या हिशेबातून निघाल्या. ज्ञातीच्या स्मरणिकेत असे लिहावे की नाही कोण जाणे, परंतु पहिल्या प्रकारचा अभिमान बाळगणाऱ्यांनी दुसऱ्या प्रकाराकडे डोळेझाक करू नये असे मला वाटते.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ साली संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. या कायद्याने आपल्या ठासणीच्या बंदुकीस एक मानाची जागा दिली, हे फारच थोड्यांस ठाऊक आहे. तेराव्या कलमात असे म्हटले आहे की, पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर अधिकाऱ्याने परवाना द्यावा; ती पुरेशी नाही असे वाटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. इतर बहुतेक शस्त्रांसाठी ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. नाकारण्याचे अधिकार चौदाव्या कलमात आहेतच. तथापि कुणब्याचे पीक हे कारण कायद्याने आपल्या तोंडाने मान्य केले, ही १८७८ च्या मानाने लहान गोष्ट नव्हे.

पण त्याच कायद्याचे नववे कलम पाहावे. हिंसेचा अथवा नैतिक अधःपतनाचा अपराध शाबीत होऊन ज्यास कारावासाची शिक्षा झाली, त्याने शिक्षा संपल्यापासून पाच वर्षेपर्यंत कोणतेही अग्निशस्त्र मिळवू नये, जवळ ठेवू नये, बरोबर नेऊ नये. मुळात ही अट निदान सहा महिन्यांच्या कारावासास लागू होती. १९८३ च्या दुरुस्तीने ती कितीही मुदतीच्या कारावासास लागू झाली. तसेच शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा जामीनकतबा लिहून देण्याचा आदेश ज्यास झाला, त्यास त्या कतब्याच्या मुदतीत बंदूक बाळगता येत नाही. हा नियम मोडल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, निदान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कारावास आणि शिवाय दंड आहे. बंदूक ठासणीची आहे, पणजोबांची आहे, दसऱ्यापुरतीच काढतो, ही सबब येथे चालत नाही. जुनाट वा पुराणवस्तू म्हणून सूट आहे, परंतु ती दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशाच हत्याराला.

परदेशांत हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटला आहे. अमेरिकेत १९६८ च्या संघराज्याच्या कायद्याने गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास बंदूक बंद केली, पण १८९८ पर्यंत बनलेली हत्यारे आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुका यांस त्या व्याख्येतूनच वगळले. परिणामी, जेथे घटकराज्याचा कायदा आड येत नाही तेथे तुरुंगातून सुटलेला माणूस अशी बंदूक घेऊ शकतो. इंग्लंडातही शिक्षा झालेल्यांवरील बंदी जुन्या हत्यारांस लागू नव्हती. २०१४ च्या कायद्याने ती लागू झाली. तेथे बंदी मात्र कठोर: तीन वर्षे वा अधिक शिक्षा झाल्यास ती जन्मभराची. आपला कायदा हत्याराच्या बाबतीत अमेरिकेहून कडक आणि माणसाच्या बाबतीत इंग्लंडहून उदार आहे. मला यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते; कारण जेथे एके काळी जन्म हीच न संपणारी शिक्षा होती, तेथे केलेल्या कृत्याची शिक्षाही मोजून पाच वर्षांनी संपते असे लिहिले गेले.

लिहिले गेले खरे, पण घरोघर पोहोचले नाही. याचा दाखला आमच्याच घरचा आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना सारे घर आबा म्हणे, त्यांना बांधाच्या तंट्यात झालेल्या मारामारीपायी १९६८ साली आठ महिन्यांची शिक्षा झाली. बंदूक ठाण्यात जमा झाली. आबा सुटून आले, तेव्हा ‘आता तुम्हांला जन्मात बंदूक नाही’ असे त्यांस कचेरीतल्या कोणीतरी सांगितले आणि त्यांनी ते निमूट मानले. पाच वर्षांचा नियम त्यांस कोणी सांगितला नाही. जमा केलेली बंदूक विकण्याची मुभा मालकास मुदतीत असते आणि विक्रीचे पैसे त्यासच मिळतात, हेही कोणी सांगितले नाही. एकविसावे कलम त्या वेळी पुस्तकात होतेच. बंदूक सरकारजमा झाली. त्यानंतर दर पावसाळ्याच्या अखेरीस आबा डबा बडवीत शेतात रात्री काढीत. त्यांच्या भावाशी झालेला बांधाचा तंटा पुढे दोन पिढ्यांनी मिटला. बंदुकीचा गज तेवढा अजून आढ्याला खोचलेला आहे.

अशा घरांसाठी आणखी काही गोष्टी नोंदवून ठेवतो. केवळ दंड झाला असेल तर तो कारावास नव्हे आणि नववे कलम त्यास लागत नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले असेल, तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्या माणसास चिकटत नाही, असे त्या कायद्याचे बारावे कलम सांगते. कतब्याची नुसती नोटीस आली म्हणजे आदेश झाला असे नव्हे. मात्र सार्वजनिक शांततेच्या कारणास्तव परवाना थांबविण्याचा अधिकार अधिकाऱ्यास यांहून वेगळा आहे. त्यावर अठराव्या कलमाखाली अपील करता येते. रानातल्या शिकारीविषयी तर फारच सावध असावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दोषी ठरल्यास न्यायालय परवाना रद्द करू शकते, आणि तसे केल्यास दोषी ठरल्याच्या दिवसापासून पाच वर्षे नवा परवाना मिळत नाही. पिकासाठी दिलेली बंदूक डुकरावर रोखताच दुसऱ्या कायद्याच्या हद्दीत जाते, याची जाणीव जुन्या पिढीस नव्हती.

वडिलांच्या मागे घरात राहिलेली बंदूक ही आणखी एक अडचण. परवाना माणसाच्या नावे असतो, घराच्या नावे नसतो. वडील वारल्यावर ‘असू दे खुंटीवर’ म्हणून ती राहू दिली तर मुलगा परवान्यावाचून अग्निशस्त्र बाळगणारा ठरतो, आणि ज्याने आयुष्यात कोणावर हात उगारला नाही त्याच्या नावे कारावासाची शिक्षा लागू शकते. म्हणून ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावतीवर नळीचा क्रमांक, तारीख आणि जमा करण्याचे कारण लिहून घ्यावे, आणि वारसाच्या नावे अर्ज त्याच महिन्यात घालावा. शिक्षेमुळे जमा केली असेल तर शिक्षा संपल्याची तारीख दाखविणारा तुरुंगाचा दाखला त्याच पावतीबरोबर बांधून ठेवावा. पाच वर्षे मोजण्यास तोच लागतो.