फ्लॉपीचं सोंग आणि अभावाचं ज्ञान

मंडळी, मागच्या वेळी आपण प्रमाणांची चर्चा करताना अनुपलब्धीपाशी थांबलो होतो. जमिनीवर घट नाही हे मला कशावरून कळतं? तो दिसत नाही यावरून. पण अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाहीच असं म्हणता येत नाही. म्हणून आपल्या शास्त्रकारांनी अट घातली की, घट असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. योग्यानुपलब्धी म्हणतात ती हीच. आज या अटीची एक अलीकडची गोष्ट सांगतो. ती संगणकातली आहे. घाबरू नका, मीही ती घाबरतच शिकलो.

क्यूईएमयू नावाचा एक प्रोग्रॅम आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ मध्ये तो सुरू केला. त्याचं काम बहुरूप्याचं. एका संगणकाच्या पोटात तो दुसऱ्या अख्ख्या संगणकाचं सोंग आणतो: प्रोसेसर, डिस्क, कीबोर्ड, सगळं. आतल्या ‘पाहुण्या’ यंत्रणेला वाटतं, आपण खऱ्या लोखंडावर चाललोय. क्लाउडचा धंदा याच कल्पनेवर उभा आहे; एका मोठ्या यंत्रावर अनेक गिऱ्हाइकांची बिऱ्हाडं. झेन आणि केव्हीएम या प्रणालींनी उपकरणांची सोंगं क्यूईएमयूकडूनच घेतली. आता या बिऱ्हाडांमधल्या भिंतींचं काय, हा प्रश्न.

सोंग पुरं आणायचं तर फ्लॉपीही हवी. सोनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली, पण सोंगातली फ्लॉपी राहिली. मे २०१५ मध्ये क्राउडस्ट्राइक कंपनीच्या जेसन गेफनर यांनी तिच्यातली एक चूक जाहीर केली. नाव पडलं ‘व्हेनम’. चूक २००४ पासून तिथे होती.

चूक काय ते नीट पाहू, कारण सगळं मर्म तिथेच आहे. पाहुणी यंत्रणा फ्लॉपीच्या कंट्रोलरला हुकूम पाठवते, एकेक बाइट करून. कंट्रोलर ते बाइट ५१२ खणांच्या एका फळीवर ओळीने ठेवतो आणि पुढचा खण कोणता हे एका आकड्यात लक्षात ठेवतो. हुकूम पुरा झाला की आकडा पुन्हा शून्यावर. बहुतेक हुकमांत हे लगेच होई. दोन हुकमांत होत नसे. त्यातल्या एकात तर आलेल्या शेवटच्या बाइटमधला एक ठरावीक बिट १ असेल तरच आकडा मागे येई. नसेल तर तो तसाच. मग कुणी मुद्दाम बाइट ओतत राहिला, तर ५१३ वा बाइट फळीबाहेर, यजमान प्रोग्रॅमच्याच स्मृतीत. पाहुणा भिंत फोडून घरमालकाच्या खोलीत जाऊ शकत होता, आणि तिथून शेजाऱ्यांकडे. असा हल्ला प्रत्यक्षात झाल्याचं जाहीर करणाऱ्यांना त्या वेळी माहीत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

अकरा वर्षं! या काळात त्या फाइलमध्ये अनेकांनी बदल केले, म्हणजे ती अनेकांच्या नजरेखालून गेली. कोड दुसऱ्याने वाचून तपासायचा ही शिस्तही जुनी. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये तिची रीतसर पद्धत लिहून ठेवली होती. मग दिसलं का नाही?

माझ्या प्रबंधाची मुद्रितं चौघांनी वाचली. ऱ्हस्व-दीर्घ सगळे पकडले. एका वाक्यातला ‘नाही’ गळला होता, तो कुणालाच दिसला नाही, मलाही नाही. चुकीचं अक्षर डोळ्यांत खुपतं. नसलेलं अक्षर कसं खुपणार? फ्लॉपीच्या कोडमध्येही चुकीची अशी ओळ नव्हती. एका वाटेवर एक ओळ नव्हती. शिवाय वाचणाऱ्याच्या मनात पाहुणा सज्जन असे. खरा ड्रायव्हर हुकूम पुरा झाल्यावर बाइट ओतत बसत नाही, म्हणून ती वाट वापरात अंधारीच राहिली. ‘तपासलं, काही सापडलं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी घट शोधला होता, पण दिवा लावायचा राहिला होता.

आणखी एक गंमत म्हणा किंवा दुर्दैव. व्यवस्थापकाने फ्लॉपी बंद केली तरी, दुसऱ्याच एका चुकीमुळे, कंट्रोलरचा कोड जागाच राही. आपण काढून टाकलं असं समजतो, त्याकडे कोण बघणार?

दुरुस्ती रेड हॅटच्या पेत्र मातौशेक यांनी केली. त्यांनी केवळ त्या दोन हुकमांचा पाठलाग केला नाही. फळीवर हात ठेवण्याआधी आकड्याला ५१२ ने भागून बाकी घ्यायची, म्हणजे कुठल्याही वाटेने आलात तरी हात फळीबाहेर जात नाही. मला ही दुरुस्ती फार आवडते. वाटा मोजून संपवायचा हट्ट तिने सोडला.

दिवाही पुढे लागला. २०२० पासून क्यूईएमयूमध्ये सोंगाच्या उपकरणांवर यंत्राकडूनच वेडेवाकडे हुकूम ओतून पाहण्याची सोय आली. सज्जन पाहुण्याऐवजी मुद्दाम एक वेडा पाहुणा. आणि २०२१ मध्ये फ्लॉपीच्या त्याच फाइलमध्ये फळीबाहेर हात जाण्याची आणखी एक चूक नोंदली गेली, वेगळ्या वाटेवरची.