कातडीखालचे पाणी कोठे जाते?

म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडे थकली की लघवी पातळ व भरपूर होऊ लागते आणि प्यायलेले पाणी पुरे पडत नाही. अशा वेळी पशुवैद्य घरच्या माणसांना एक गोष्ट शिकवतात. दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारख्या झालेल्या घडीत सुई सरकवायची आणि उंच टांगलेल्या बाटलीतले सलाइन सोडायचे. पाठीवर फुगा येतो. कधी तो ओघळून पुढच्या पायाकडे उतरतो. काही तासांनी पाहावे तर फुगा जिरलेला असतो. शिरेत तर सुई नव्हतीच, मग पाणी गेले कोठे?

शरीरात पाणी भरण्याची कल्पना पटकीच्या साथीने पुढे आणली. १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. पहिली वृद्ध रुग्ण चांगली सावध झाली, पण जुलाब पुन्हा सुरू होऊन काही तासांत दगावली. निर्जंतुकीकरण ठाऊक नसलेल्या त्या काळात हा उपाय मागे पडला. १८८४ मध्ये नेपल्सच्या साथीत आर्नाल्दो कांतानी यांनी शिरेऐवजी कातडीखाली क्षारजल दिले. शिर शोधण्याची कटकट नाही, ही या पद्धतीची मोठी सोय होती. पण खालावलेल्या रुग्णात कातडीकडचा रक्तप्रवाह आखडलेला असतो, त्यामुळे पाणी जागीच पडून राहते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी पटकीसाठी पुन्हा शिरेचाच मार्ग धरला, तो उगाच नव्हे.

पाणी जाते कोठे, याचे उत्तर मात्र कुत्र्यातच मिळाले. केशवाहिन्यांच्या भिंती ओलांडून ऊतींतले पाणी थेट रक्तात जाते, की सगळे लसीकावाहिन्यांमधूनच वाहते, हा त्या वेळचा वाद होता. १८९६ साली अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या मागच्या पायाच्या ऊतींत मिठाचे पाणी भरले आणि त्या पायातून रक्त पुन्हा पुन्हा फिरवले. रक्त पातळ होत गेले, म्हणजे पाणी थेट रक्तात येत होते. मिठाच्या पाण्याऐवजी सीरम भरले, तर ते शोषले जाईना. फरक होता प्रथिनांचा. ती केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहसा बाहेर पडत नाहीत आणि पाणी आपल्याकडे ओढतात. माणसाच्या रक्तात ही ओढ सुमारे २५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाइतकी असते. हृदयाचा दाब पाणी बाहेर ढकलतो, प्रथिने ते आत खेचतात. वर्गात परासरण शिकवताना बटाट्याच्या फोडींबरोबर हा प्रयोगही सांगण्याजोगा आहे.

१९२८ मध्ये दुरान-रेनाल्स यांना वृषणाच्या अर्कात कातडीत द्रव पसरवणारा घटक आढळला. पुढे तो हायलुरोनिडेज हे विकर ठरला आणि चाळिशीच्या दशकात कातडीखालच्या सलाइनसोबत वापरला जाऊ लागला. तरीही पन्नाशीनंतर माणसांच्या रुग्णालयांतून ही पद्धत बरीच हटली. शिरेत ठेवायच्या प्लास्टिकच्या नळ्या आल्या, हे एक कारण. दुसरे कारण अधिक बोधक आहे.

काही रुग्णांना कातडीखाली नुसते ग्लुकोजचे पाणी दिले गेले आणि ते आणखी खालावले. पाच टक्के ग्लुकोजचा परासरणी दाब रक्ताच्या जवळपास असतो, मग बिघडले काय? त्यात सोडियम नसते. रक्तातले सोडियम लगेच त्या फुग्याकडे झिरपू लागते आणि पाणीही त्याच्या मागे जाते. म्हणजे भरपाई व्हायची त्याऐवजी रक्तच आटते, रक्तदाब कोसळतो. रिंगर लॅक्टेटमध्ये सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व क्लोराइड रक्ताच्या जवळच्या प्रमाणात असतात, म्हणून ते कातडीखाली चालते. औषधांच्या दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी असतात, दोन्हींतले पाणी तितकेच स्वच्छ दिसते आणि बोलताना आपण दोन्हींना ‘सलाइन’च म्हणतो. घरी कुत्र्याला पाणी देणाऱ्याने बाटलीवरचे नाव दर वेळी वाचावे. किती द्यायचे हे पशुवैद्याने वजन पाहून ठरवायचे. हृदय कमजोर असेल तर जास्तीचे पाणी फुप्फुसात उतरते. आणि कुत्रा आडवा पडून गार लागत असेल, तर कातडीखाली सुई घालत बसू नये, त्याला थेट दवाखान्यात न्यावे. तिथे शिरच शोधावी लागते.