बॅटरीवरची सिलिकॉन गन कशी डिझाइन करतात? मालवण किनाऱ्यासाठी पूर्ण हिशेब

स्लायडिंग खिडकीच्या चौकटीला, बाथरूमच्या कडेला किंवा पत्र्याच्या स्क्रूभोवती रबरासारखी पांढरी, काळी किंवा पारदर्शक पट्टी तुम्ही पाहिलीच असेल. तिला सीलंट म्हणतात. ते भरायच्या हत्याराला हार्डवेअरच्या दुकानात सरळ 'सिलिकॉन गन' म्हणून मागतात, मग आत सिलिकॉन असो वा दुसरं काही. आज आपण बॅटरीवर चालणारी अशी गन कशी डिझाइन करायची ते बघू, तेही सिंधुदुर्गातली खारी हवा आणि इथला पाऊस डोळ्यांसमोर ठेवून.

मुद्दा आधीच सांगतो. बहुतेकांना वाटतं की या गनमध्ये सगळी करामत ताकदीची आहे. पण ताकद मिळवणं सोपं आहे. अवघड आहे ते एकसारख्या वेगाने जाणं आणि बोट सुटल्यावर लगेच थांबणं. कसं, ते आकड्यांतून समजून घेऊ.

सीलंटचं काम काय?

फट बुजवायची, पण घट्ट दगडासारखी नाही. पत्रा उन्हात पसरतो आणि रात्री आकसतो, होडी लाटेवर पिळवटते. सिमेंटने बुजवलेली फट अशा हालचालीत पुन्हा तडकते. सीलंट रबरासारखं ताणलं जातं, म्हणून टिकतं.

तुमच्या फोनचंही तसंच आहे. आयपी६८ लिहिलेल्या फोनमध्ये पाणी शिरत नाही, त्यामागे स्क्रीनच्या कडेने लावलेल्या चिकट पट्टीचा मोठा वाटा असतो. स्क्रीन बदलताना ती पट्टी नीट बसली नाही, एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली, तर आयपी६८ फक्त डब्यावर उरतं. सीलंटचा नियमच असा आहे: नव्याण्णव टक्के भरलेली फट म्हणजे गळणारी फट.

मालवणला याची एवढी गरज का?

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बराचसा चार महिन्यांतच. त्यामुळे खिडक्या, पत्र्याच्या शेड, गच्चीचे सांधे, तारकर्ली-देवबागकडच्या होमस्टेच्या खोल्या, सगळ्यांची कामं मे महिन्यात एकदम निघतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पत्रे आणि कौलं उडालेली घरं पावसाआधी बंद करायला हातात थोडेच दिवस होते.

होड्यांचं वेळापत्रक वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि डागडुजीला तेवढाच वेळ मिळतो. फायबरच्या होडीत दोन भाग जिथे जुळतात तो सांधा आणि जिथे बोल्ट आरपार जातो ती भोकं सीलंटने बंद करावी लागतात.

सांधा बंद करण्याची काळजी इथे नवी नाही. १६६४ साली काम सुरू झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगितलं जातं. आज शिशाच्या जागी ट्यूब आली, समुद्र मात्र तोच आहे.

हाताच्या गनची अडचण

साध्या गनमध्ये ट्रिगर दाबला की दांडा थोडा पुढे सरकतो आणि ट्यूबच्या बुडातली चकती ढकलतो. ट्रिगर हा तरफ आहे. समजा तो हाताचा जोर १८ पट करतो. घट्ट पॉलियुरेथेन सीलंटसाठी दांड्यावर २००० न्यूटन जोर लागतो असं धरू. मग हाताला दर वेळी सुमारे १११ न्यूटन, म्हणजे ११ किलो वजनाएवढा दाब द्यावा लागतो.

दर दाबाला दांडा तीन-साडेतीन मिलिमीटर सरकतो. ट्यूबमधला प्रवास साधारण १८ सेंटिमीटर. म्हणजे एका ट्यूबला पन्नास-पंचावन्न दाब. दिवसाला दहा ट्यूब संपवणाऱ्या कारागिराच्या पंज्याने पाचशेहून जास्त वेळा ११ किलो दाबलेले असतात. संध्याकाळी बोटं आखडतात आणि तेव्हाच पट्टी कुठे जाड, कुठे बारीक पडायला लागते. गळतीची सुरुवात तिथून होते.

पहिला हिशेब: किती वॉट लागतात?

३०० मिलिलिटरची नेहमीची ट्यूब घेऊ. आतला व्यास सुमारे ४६ मिलिमीटर, म्हणजे चकतीचं क्षेत्रफळ साधारण १६६० चौरस मिलिमीटर.

- ६ मिलिमीटर जाडीची गोल पट्टी सोडायची आहे. तिचं छेदक्षेत्र सुमारे २८ चौरस मिलिमीटर.
- एका ट्यूबमध्ये अशी साडेदहा मीटर पट्टी होते.
- हात सेकंदाला ३ सेंटिमीटर पुढे जातो असं धरलं, तर दर सेकंदाला ०.८५ मिलिलिटर माल लागतो.
- त्यासाठी दांडा सेकंदाला फक्त अर्धा मिलिमीटर सरकायला हवा!

आता २००० न्यूटनला या वेगाने गुणा. उत्तर येतं सुमारे १ वॉट. हो, एक वॉट. तुमच्या फोनचा साधा चार्जरसुद्धा याच्या दहापट देतो. जाड सांध्यासाठी २५०० न्यूटन आणि सेकंदाला ३ मिलिमीटर अशी वरची मर्यादा ठेवली, तरी काम साडेसात वॉटचंच आहे. म्हणजे मोटर मोठी नको. जोर खूप, पण वेग अगदी कमी, अशी ही मागणी आहे. ती गिअर पूर्ण करतात.

मोटर ते दांडा: कोणते गिअर?

दांडा पुढे ढकलायचे दोन सरळ मार्ग आहेत.

एक, आटे असलेला लांब स्क्रू. यात गिअर कमी लागतात आणि बांधणी आटोपशीर होते. पण आट्यांत वाळू आणि सांडलेलं सीलंट अडकतं. शिवाय ट्यूब बदलताना दांडा हाताने झटकन मागे ओढता येत नाही.

दोन, दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक. पट्टी फडक्याने पुसता येते. चाक बाजूला केलं की दांडा एका झटक्यात मागे येतो. किनाऱ्यावर काम करायचं असेल तर मी हाच मार्ग निवडतो.

त्याची किंमत गिअरमध्ये मोजावी लागते. १८ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात दांडा साडेपाच सेंटिमीटरहून थोडा जास्त सरकवतं. सेकंदाला ३ मिलिमीटरसाठी चाक मिनिटाला जेमतेम ३.२ फेरे फिरायला हवं आणि मोटर तर मिनिटाला १२,००० फेरे फिरते. म्हणजे वेग ३७५० पट कमी करायचा. मोटरपुढे पाचपट कमी करणारे ग्रहमालेसारखे तीन गिअर, मिळून १२५ पट. त्यापुढे ३० पट कमी करणारा वर्म गिअर. १२५ गुणिले ३०, बरोबर ३७५०.

वर्म गिअरमध्ये निम्मी ऊर्जा घर्षणात जाऊ शकते. पण कामच एक वॉटचं असल्यामुळे इथे ते परवडतं. मोटर आणि सर्किटसकट एकूण कार्यक्षमता ३० टक्के धरली, तरी कमाल वेगाला बॅटरीतून २५ वॉटच लागतात.

खरी परीक्षा: थांबणं

ट्यूबवर २५०० न्यूटन जोर म्हणजे आत सुमारे १५ बार दाब. बाइकच्या टायरमधल्या हवेच्या सातपट! या दाबाने प्लास्टिकची ट्यूब किंचित फुगते आणि आतले हवेचे बुडबुडे दबतात. तुम्ही बोट काढता, मोटर थांबते, पण फुगलेली ट्यूब पूर्ववत होताना माल बाहेर सोडतच राहते. नोजलच्या टोकाला शेपूट लोंबतं. वर्म गिअर दांड्याला मागे सरकू देत नाही, त्यामुळे हा त्रास आणखी वाढतो.

उपाय असा: ट्रिगर सुटला की मोटरने उलटं फिरायचं. दांडा चकतीला चिकटलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. तो एक मिलिमीटर मागे गेला तरी दाब उतरतो. आपल्या वेगाने त्याला सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो.

पण मागे गेलेलं अंतर पुढच्या वेळी भरून काढावं लागतं. नाहीतर ट्रिगर दाबल्यावर माल उशिरा येतो आणि पट्टीच्या सुरुवातीलाच पोकळी राहते. म्हणून गनने किती मागे गेलो ते लक्षात ठेवायचं, पुन्हा दाबल्यावर तेवढं अंतर पूर्ण वेगाने पुढे जायचं आणि मगच नेमलेल्या वेगावर यायचं. स्वस्त आणि चांगल्या गनमधला फरक बघायचा असेल तर पट्टीची सुरुवात आणि शेवट बघा.

वेग एकसारखा कसा राहतो?

सकाळी गार असलेलं सीलंट घट्ट असतं, दुपारी सैल होतं. मोटरला नुसता ठरावीक व्होल्टेज दिला तर घट्ट मालात ती मंदावेल आणि सैल मालात धावेल. म्हणून फेरे मोजायचे. हॉल सेन्सर हे चुंबक ओळखणारं छोटं सेन्सर आहे. फ्लिप कव्हर बंद केल्यावर अनेक फोनची स्क्रीन विझते ती याच्यामुळेच. ब्रशलेस मोटरमध्ये असे सेन्सर फेरे मोजतात आणि सर्किट वेग तोच राखतं.

नोजलमध्ये माल वाळून बसला असेल तर? मोटर जोर लावत राहील आणि ट्यूब मागून फुटेल. म्हणून मोटरचा करंट ठरावीक मर्यादेपुढे गेला की गनने आपणहून थांबून दाब सोडायला हवा.

बॅटरी: फोनएवढी पुरे

१८६५० मापाचे दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडले, तर ७.२ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-तास, म्हणजे १८ वॉट-तास मिळतात. ५००० एमएएचच्या फोनमध्येही साधारण एवढीच ऊर्जा असते. एक ट्यूब रिकामी करायचं काम ३६० जूल, गिअरचं नुकसान धरून १२०० जूल. म्हणजे एका चार्जमध्ये चाळीस ते पन्नास ट्यूब. त्यामुळे वेगळा चार्जर द्यायची गरजच नाही. यूएसबी-सी पोर्ट दिला की फोनच्याच चार्जरवर ती दीड-दोन तासांत भरेल.

खारी हवा आणि ओला हात

इथे चांगली हत्यारं वापरून झिजत नाहीत, आधी गंजतात. म्हणून या गोष्टी हव्यात:

- बाहेरचे स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. मिठापुढे ते ३०४ पेक्षा जास्त टिकतात.
- ट्रिगरमध्ये उघडे संपर्क नकोत. आत चुंबक आणि भिंतीपलीकडे हॉल सेन्सर. जितकं दाबाल तितका वेग.
- सर्किटवर संरक्षक लेप. कारण फक्त मीठ नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि ते तांब्या-पितळेला खातं.
- वजन दोन किलोच्या आत आणि तोल मुठीपाशी. शिडीवर हात वर करून काम करताना पुढे झुकणारी गन मनगट मोडते.
- ट्यूबचा साचा फिरणारा, म्हणजे नोजलचा तिरका काप हवा तसा वळवता येतो.
- ट्रिगर लॉक आणि मनगटाला दोरी. होडीवरून पाण्यात पडलेलं हत्यार परत मिळत नाही.
- बॅटरी संपली तर दाब सोडायला हाताने ओढायची खिट्टी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*घरच्या एका बाथरूमसाठी बॅटरी गन घेऊ का?*
नको. हाताची गन काही शे रुपयांत मिळते आणि दोन ट्यूबसाठी ती उत्तम आहे. खिडक्या बसवणारे फॅब्रिकेटर, पत्र्याची कामं करणारे आणि होडी दुरुस्त करणारे यांनी हजारो रुपयांचा विचार करावा.

*गन चांगली असली की गळती थांबेल?*
जागा तयार असेल तरच. किनाऱ्यावर पत्र्यावर मिठाचा थर असतो. गोड्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच पट्टी मारा. ही सीलंट हवेतल्या ओलाव्याने सेट होतात, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर खोल. म्हणजे दमट हवा चालते, ओली फट चालत नाही.

*होडीला बाथरूमचं सिलिकॉन चालेल का?*
पाण्याखालच्या भागाला नाही. तिथे होडीसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट वापरतात. सिलिकॉनवर पुढे रंगही धरत नाही.

*स्वतः बनवून बघायची असेल तर सुरुवात कुठून?*
आधी जोर मोजा. हाताच्या गनच्या ट्रिगरला लटकता वजनकाटा अडकवून ओढा आणि आलेला आकडा तरफेच्या पटीने गुणा. तुमच्या सीलंटला खरोखर किती जोर लागतो ते कळेल. वर मी धरलेल्या २००० न्यूटनच्या जागी तो आकडा ठेवला की मोटर, गिअर आणि बॅटरीचा सगळा हिशेब तुमचा तुम्हाला करता येईल. मोटर विकत घ्यायची ती त्यानंतर.