पीएच.डी. : पदवीचा अर्थ आणि उपयोग

घोडपदेव, लालबाग, परळ या गिरणगावच्या परिसरात 'डॉक्टर' म्हटले की प्रथम नाक्यावरचा दवाखाना आठवतो. मूळ शब्दाचा अर्थ मात्र वेगळा आहे. लॅटिन भाषेतील 'शिकवणे' या अर्थाच्या धातूपासून तो बनला असून 'डॉक्टर' म्हणजे शिकवणारा, आचार्य. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठे अध्यापनाचा अधिकार प्राप्त झालेल्या विद्वानास ही उपाधी देत असत.

पीएच.डी. म्हणजे 'डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी'. मराठीत तिला 'विद्यावाचस्पती' म्हणतात. येथे 'फिलॉसॉफी' म्हणजे केवळ तत्त्वज्ञान हा विषय नव्हे, तर व्यापक अर्थाने ज्ञानाची आवड. म्हणूनच रसायनशास्त्र, इतिहास वा वाणिज्य या विषयांतही हीच पदवी मिळते. तिचे आधुनिक, संशोधनाधिष्ठित स्वरूप एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत घडले. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये ती प्रथम दिली.

या पदव्यांचे प्रकार समजून घेण्यासाठी परळच्या बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण बोलके आहे. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. तत्पूर्वी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली होती. या दोन्ही पदव्या संशोधन करून मिळवलेल्या. याउलट कोलंबियाने १९५२ मध्ये दिलेली एलएल.डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये दिलेली डी.लिट. या सन्मानदर्शक होत्या. सन्मानदर्शक पदवीसाठी प्रबंध वा परीक्षा नसते; ती कर्तृत्वाचा गौरव असते. काही भारतीय विद्यापीठांत पीएच.डी.नंतर संशोधनाधारे डी.लिट. वा डी.एस्सी.ही मिळवता येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी अभ्यासक्रमासह किमान तीन व कमाल सहा वर्षांचा कालावधी आहे. महिला व दिव्यांग संशोधकांना आणखी सवलत मिळते. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडून तपासला जातो व त्यानंतर मौखिक परीक्षा होते. वाङ्मयचौर्याबाबत २०१८ पासून स्वतंत्र नियम असून साम्य साठ टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द होते.

पदवीचा प्रमुख उपयोग अध्यापन व संशोधन क्षेत्रात होतो. २०१८ च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. लागते. सहायक प्राध्यापकपदासाठी मात्र २०२३ च्या दुरुस्तीने नेट, सेट वा स्लेट ही किमान अर्हता ठरली असून पीएच.डी. ऐच्छिक आहे. परळच्याच हाफकिन संस्थेसारख्या प्रयोगशाळांत संशोधन करूनही विद्यापीठाची ही पदवी मिळवता येते.

नावापूर्वी 'डॉ.' लावण्याबाबत काही संकेत आहेत. प्रबंध सादर केला म्हणजे पदवी मिळाली असे नव्हे. विद्यापीठाने ती जाहीर केल्यानंतरच उपाधी वापरणे योग्य. सन्मानदर्शक पदवी मिळालेल्यांनी 'डॉ.' लावू नये, असा सर्वसाधारण शिष्टाचार आहे. पैसे मोजून घरपोच मिळणारी 'डॉक्टरेट' विकणाऱ्या संस्थांपासून विशेष सावध राहावे. प्रवेशापूर्वी संबंधित विद्यापीठाचे नाव आयोगाच्या यादीत आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. घरातील पहिल्याच पदवीधर पिढीतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही खबरदारी अधिकच महत्त्वाची, कारण चुकीच्या निवडीत पैशाबरोबर उमेदीची वर्षेही वाया जातात.

इतरांचे प्रबंध पाहायचे असल्यास 'शोधगंगा' या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील असंख्य प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आधी काय लिहिले गेले आहे हे त्यावरून कळते, आणि त्यात नवी भर काय घालता येईल याचा शोध घेणे हाच पीएच.डी.चा खरा अर्थ आहे.