अगरा तलाव, निसर्गवाट
बंगळूरच्या आग्नेय भागात, एचएसआर लेआउटच्या सीमेवरील पाणथळ जागा व तिच्याभोवतीची सपाट पायवाट. ‘एचएसआर’ हे होसूर–सर्जापूर रोडचे लघुरूप. अगरा गावातील नवव्या शतकातील गंगकालीन शिलालेखात तलावांना पाणी सोडण्याची दारे बसवल्याची नोंद आहे. येथील तलाव एका साखळीत बांधलेले आहेत : मडिवाळचे पाणी अगऱ्यात, तेथून बेळ्ळंदूर व वर्तूरमार्गे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. त्यामुळे वरच्या तलावातील घाण खालच्यालाही भोवते.

वाटेवरून पाणथळीचे थर ओळीने दिसतात : काठावरचा चिखल, पाणकणसाची दाटी, मग उघडे पाणी. चिखलात बगळे दबा धरतात. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी लांब बोटांनी देठ धरून त्याचा गर सोलून खाते. उघड्या पाण्यावर वारकरी पक्षी पोहतात. काळ्या अंगावर कपाळीचा पांढरा टिळा ही त्यांची खूण. पाणकावळा बुडी मारून आल्यावर पंख पसरून वाळवतो. सकाळची वेळ निरीक्षणास उत्तम.

चढउतार नसलेल्या अशा वाटांमुळे वृद्ध, लहान मुले व चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींनाही पाणथळीचे शिक्षण मिळू शकते. म्हणून प्रत्येक शहरी तलावाकाठी त्या असणे अगत्याचे आहे.