मेलेले जनावर आमचे, भरपाई कुणाची?

गावात जनावर मेले की ते ओढून न्यायचे काम महाराचे. ही सक्ती शेकडो वर्षे चालली. पण जनावर मेल्यावर सरकारने मदत द्यायचे ठरवले, तेव्हा त्या यादीत महार कुठे होता? हा प्रश्न आपण इतिहासाला विचारला पाहिजे.

1876-78 च्या महादुष्काळानंतर ब्रिटिशांनी 1884 साली शेतकरी कर्ज कायदा केला. संकटात बी-बियाणे आणि जनावरे घेण्यासाठी तगाई मिळू लागली. पण कुणाला? शेतजमिनीचे मालक आणि कब्जेदार यांना. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचे जनावर सरकारच्या लेखी जनावरच नव्हते!

महारांकडे वतनाची जमीन होती, पण ती चाकरीला बांधलेली. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याची हाक दिली आणि पुढच्याच वर्षी, 19 मार्च 1928 रोजी, मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. मेलेल्या ढोराची सक्ती तोडायची तर जमिनीवर हक्क हवा, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र 1958 साल उजाडले.

तगाई गेली, आपत्ती निधी आला. भाषा बदलली का? केंद्राच्या 2015 च्या निकषांत पशुधनाच्या मदतीचे शीर्षकच 'अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना साहाय्य' असे होते. तेव्हा दुभत्या गाई-म्हशीला 30,000 रुपये, शेळीला 3,000. रक्कम ठरली, पण दारावर पुन्हा तोच शब्द : भूधारक. भूमिहीनाने कोणत्या दारातून आत यायचे?

तेरेखोल खाडीकाठचे आरोंदा घ्या. 16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतून गेले. वादळ सातबारा बघून येत नाही. मदत मात्र कागद बघून येते. मजुरी करून दोन शेळ्या पाळणाऱ्या बाईची शेळी हीच तिची बचत असते. ती मेली तर बाईला कुणी शेतकरी म्हणत नाही.

ही अट काढता येते, हे सरकारनेच दाखवले आहे. 2022 साली लम्पी आला. तेव्हा राज्य सरकारने अल्पभूधारकाची अट बाजूला ठेवून सर्व पशुपालकांना भरपाई दिली : गाईला 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000. लम्पी गोवंशाचा रोग. त्यामुळे दार उघडले ते गाय-बैलवाल्यांसाठी. शेळीवाली बाहेरच राहिली. मग रोगात जे शक्य झाले, ते वादळात आणि पुरात का नको? आणि शेळीसाठी का नको?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : पशुधनाच्या प्रत्येक आपत्ती मदतीत भूमिहीन पशुपालकाचे नाव लेखी हवे. मागणीबरोबर आपले कामही आहे. 2024 पासून राज्यात जनावराच्या कानात बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्तीची भरपाई नाकारली जाते. म्हणून वस्तीतल्या प्रत्येक जनावराला बिल्ला मारून घ्या. जनावर दगावले तर पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय ते पुरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

मेलेले ढोर ओढणे आपल्या बापजाद्यांनी लढून नाकारले. जिवंत जनावरावरचा हक्कही लढूनच मिळेल.

जय भीम!