मदर तेरेसांचा विरह

माळ घातली, एकादशी कधी चुकली नाही, पायी वारी झाली, तरी नाम घेताना आत काहीच हलत नाही, ही गोष्ट वारकरी मंडळी चारचौघांत बोलत नाहीत. कीर्तन संपून वीणा खाली ठेवला, माणसे पांगली, की एखादा हळूच जवळ येतो आणि खाली मान घालून विचारतो, "महाराज, देव माझ्यावर रुसला का?" वाचकहो, याची उत्तरे आपल्या संतचरित्रांत पुष्कळ आहेत. पण आज एक दाखला दुसऱ्या घरचा सांगतो. तो अलीकडच्या काळातला आहे आणि त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हस्ताक्षरात शिल्लक राहिलेला आहे.

मदर तेरेसा हे नाव घेतले की धर्मांतराचा वाद निघतो, हे मला ठाऊक आहे. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. मला आज त्यांच्या अंतःकरणापुरते बोलायचे आहे.

त्यांचा जन्म 1910 सालचा, युरोपातल्या स्कोप्ये गावचा. मूळ नाव आग्नेस. लोरेटो संघात जोगीण होऊन त्या 1929 च्या जानेवारीत कोलकात्यास आल्या आणि संघाच्या शाळेत मुलींना शिकवू लागल्या. 10 सप्टेंबर 1946 रोजी आगगाडीने दार्जिलिंगला जाताना त्यांना आतून हाक आली की हा मठ सोड आणि गरिबांतल्या गरिबांत जाऊन राहा. पुढचे काही महिने त्यांना ख्रिस्ताचा आवाज जणू कानाशी ऐकू येत होता. येशूने क्रुसावर तहान लागल्याचे सांगितले होते, ती तहान आपण भागवायची, असे त्यांनी ठरविले. 1948 साली मठ सोडला, निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. 1950 साली नवा संघ उभा राहिला. 1952 साली कालीघाटच्या देवळाला लागून असलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसांसाठी घर उघडले.

आणि नेमका तेव्हाच तो आवाज बंद झाला.

1953 साली त्यांनी कोलकात्याचे आर्चबिशप पेरिये यांना कळविले की माझ्या आत भयंकर काळोख आहे, सारे मेल्यासारखे वाटते, आणि हे बहुतेक काम सुरू केले तेव्हापासूनच आहे. ज्याच्यासाठी घर सोडले तोच आता घरी नाही! पुढच्या पत्रांतून त्या हेच पुन्हा पुन्हा सांगतात. प्रार्थनेचे शब्द ओठांवर येतात, पण पलीकडे कोणी ऐकते आहे असे वाटत नाही. देव आहे की नाही इथपर्यंत शंका जाते. वर चेहऱ्यावर हसू, आणि ते हसू म्हणजे झाकण आहे, हेही त्यांनी लिहिले आहे. 1958 च्या ऑक्टोबरात, दिवंगत पोपसाठी मिस्सा चालली असताना, तो काळोख एकदम उतरला. काही आठवडे सुखाचे गेले. मग पुन्हा तेच.

आता आपल्या घराकडे वळू या, म्हणजे या गोष्टीचे मर्म कळेल. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने ठोकून पाहिली आणि मडके कच्चे निघाले ते नामदेवरायांचे, ही कथा तुम्ही कितीदा तरी ऐकली असेल. पण कच्चा ठरला तो कोण, हे आपण ऐकताना विसरतो. ज्याच्या हातचा नैवेद्य पांडुरंगाने खाल्ला, ज्याच्याशी देव रोज बोलत असे, तो! म्हणजे देव बोलतो, गोड वाटते, अंगावर रोमांच येतात, एवढ्यावर संतमंडळींनी पक्केपणा मोजला नाही. नामदेवरायांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जावे लागले.

मदरनाही विसोबा खेचर हवा होता. तो पुण्यात निघावा, ही मला मोठी नवलाची गोष्ट वाटते. फादर जोसेफ न्यूनर हे मूळचे ऑस्ट्रियाचे येशूसंघी धर्मगुरू, पुण्याच्या धर्मविद्यालयात शिकवीत. 1961 साली त्यांची मदरशी आध्यात्मिक बोलणी झाली आणि मदरनी आपला काळोख त्यांना लिहून दिला. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तीन. यावर माणसाच्या हाती उपाय नाही, तेव्हा आपले काय चुकले हे शोधीत बसू नका. देव जवळ असल्याची जाणीव होणे हीच तो जवळ असल्याची एकमेव खूण नव्हे, उलट त्याच्यासाठी ही जी तळमळ आहे तीच तो आत दडून असल्याची खात्रीची खूण. आणि हा काळोख तुमच्या सेवेचाच भाग आहे, टाकलेल्या माणसांचे टाकलेपण तुमच्या वाट्याला आले आहे. मदरनी उत्तरी कळविले की इतक्या वर्षांत प्रथमच मला हा काळोख आवडू लागला आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबा. ज्याला देव नकोच आहे त्याला देव नाही म्हणून रडू येईल काय? ज्ञानोबारायांच्या विरहिणी आपण कशासाठी गातो? तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत गेल्यावर ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर पडून राहिले, त्या तेरा दिवसांत त्यांची भक्ती आटली होती असे कोणी म्हणेल का?

वाटा मात्र पुढे वेगळ्या होतात, हे लपवून चालणार नाही. तुकोबांच्या वह्या वर आल्या. नामदेवरायांना पाय ठेवायला देवावाचून जागा उरली नाही. मदरचा काळोख पुढेही सरल्याचे पत्रांत दिसत नाही. ख्रिस्ती परंपरेला ही अवस्था परकी नाही. स्पेनमधले संत योहान 1577 साली आपल्याच संघाच्या माणसांकडून तोलेदो गावी कोंडले गेले, आठनऊ महिन्यांनी सुटले, आणि आत्म्याच्या काळोख्या रात्रीवर त्यांनी काव्य व भाष्य लिहिले. पण वारकऱ्याला जे सुख आहे ते मदरना नव्हते, असे मला वाटते. आपला रितेपणा दिंडीत वाटून जातो. तुमचा गळा दाटला तर शेजारचा अभंग पुढे नेतो, पाय अडला तर टाळाचा ठेका ओढून नेतो. त्यांनी हे ओझे दोनचार गुरुजनांवाचून कोणालाही कळू दिले नाही. बरोबरच्या सिस्टरांनाही नाही. पहाटेची प्रार्थना, मिस्सा, महारोगी, टाकलेली मुले, एकही नेम सुटला नाही.

पत्रे जाळून टाका, अशी त्यांची विनंती होती. ती जाळली गेली नाहीत. 1997 साली त्या गेल्या आणि 2007 साली ती पुस्तकरूपाने आली, तेव्हा काही टीकाकार म्हणाले, पाहा, आतून श्रद्धाच नव्हती. मला हे बोलणे उथळ वाटते. गोड लागते म्हणून जेवणारा आणि चव गेली तरी आईने वाढले म्हणून जेवणारा, यांत आईवर अधिक विश्वास कोणाचा?

न्यूनर यांनाच 1962 साली लिहिलेल्या पत्रात मदर म्हणतात की मी कधी संत झालेच तर काळोखाचीच संत होईन, आणि स्वर्गात सापडणार नाही, पृथ्वीवर जे काळोखात आहेत त्यांचा दिवा लावायला गेलेली असेन. 2016 साली रोममध्ये त्यांना संतपद दिले गेले. मुक्ती नको, पुन्हा जन्म दे आणि संतांच्या संगतीत ठेव, असे पांडुरंगाकडे मागणाऱ्या आपल्या मंडळींना हे मागणे ओळखीचे वाटेल.